वाड्याचा सेट हलू नये म्हणून काय करावे?

राजारामपुरीकर

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील आमचे हौशी नाट्यमंडळ गेली सहा वर्षे दरवर्षी एक नवे नाटक बसवते. या वर्षीच्या दोन अंकी नाटकाचे संपूर्ण कथानक एका जुन्या वाड्याच्या माजघरात आणि ओसरीवर घडते. नेपथ्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी व्यवसायाने सुतार नाही आणि चित्रकारही नाही, त्यामुळे मूलभूत गोष्टींपासून मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या अंकात मुलगी दार आपटून घराबाहेर पडते, त्या क्षणी दाराबरोबर सगळी भिंत थरथरली, तिच्यावरची आजोबांची तसबीर डोलू लागली आणि नाटकातल्या सर्वांत दुःखाच्या प्रसंगाला प्रेक्षागृहात हसू फुटले. तिचे काम करणारी मुलगी प्रयोगानंतर बराच वेळ मेकअपच्या खोलीत बसून होती. या वर्षी तसे होऊ द्यायचे नाही.

आम्हाला मिळणाऱ्या रंगमंचाचे तोंड 28 फूट रुंद असून खोली 20 फूट आहे. जमिनीला खिळा किंवा स्क्रू मारण्याची परवानगी नाही. सामान टेम्पोतून न्यायचे आहे आणि मांडणीला फार वेळ मिळत नाही. भिंती 10 फूट उंच ठेवाव्यात असा विचार आहे. ओसरीपलीकडे पन्हाळ्याचा डोंगर दिसावा, अशी दिग्दर्शकांची इच्छा आहे. भिंती कशा बांधाव्यात आणि सुरुवात कुठून करावी?

करवतकाठी

राजारामपुरीकर, तुमची भिंत का हलली हे मी सांगेनच, पण सुरुवात भिंतीपासून करू नका. सुरुवात जमिनीपासून करा. रंगमंचाचा आराखडा अर्धा इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात कागदावर काढा. त्यावर दोन रेषा सर्वांत आधी यायला हव्यात : एक रंगमंचाची मध्यरेषा आणि दुसरी दर्शनी पडद्याची रेषा. पुढची सगळी मापे या दोन रेषांपासून घ्यायची, म्हणजे नव्या सभागृहात गेल्यावर विंगांची जागा थोडी इकडेतिकडे असली तरी तुमचा सेट आपल्या जागी बसतो. कागदावरचा आराखडा पक्का झाला की तो तालमीच्या जागेत पूर्ण मापात रंगीत चिकटपट्टीने जमिनीवर आखा. काटकोन काढायला गवंड्यांची जुनी रीत वापरा : एका बाजूवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट आणि त्यांच्या टोकांमधले अंतर 5 फूट आले की कोपरा काटकोनात आहे. मग नटांना त्या पट्ट्यांच्या आत किमान आठवडाभर तालीम करू द्या. पलंग आणि झोपाळा यांच्यामधून नऊवारीतल्या दोन बायका एकमेकींना न घासता जातात का, हे कागद सांगत नाही. लाकूड कापण्यापूर्वी झालेली चूक पट्टी उचलून सुधारता येते, कापल्यानंतरची चूक टिंबर मार्केटची दुसरी फेरी करायला लावते.

आता भिंत. नाटकातली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड किंवा ठोकलेले पातळ प्लाय, आपण ज्याला फ्लॅट म्हणतो. तुमच्यासाठी 10 फूट उंच आणि 4 फूट रुंद फ्लॅट सोयीचा आहे, कारण तो दोन माणसांना उचलता येतो. अमेरिकेत फिरत्या कंपन्यांचे फ्लॅट पूर्वी 5 फूट 9 इंचांपेक्षा रुंद करत नसत, कारण रेल्वेच्या मालडब्याच्या दारातून त्याहून रुंद वस्तू आत जात नसे. तुमच्या टेम्पोचा हौदा आधी मोजा, हा त्यातला तुमच्या कामाचा भाग.

चौकटीला 3 बाय 1 इंचाच्या पाइनच्या पट्ट्या पुरतात. पट्टी विकत घेताना तिचे एक टोक डोळ्याला लावून बंदुकीची नळी पाहावी तशी दुसऱ्या टोकाकडे नजर टाका. जी वाकलेली किंवा पिळवटलेली दिसेल ती बाजूला ठेवा, आणि मधोमध मोठी गाठ असलेली घेऊच नका, कारण ती नेमकी गाठीवर मोडते. वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण रुंदीची ठेवा आणि उभ्या पट्ट्या त्या दोहोंच्या मध्ये बसवा. उलटे केले तर उभ्या पट्ट्यांची टोके जमिनीवर घासतात आणि फ्लॅट सरकवताना चिरतात. कोपऱ्यांवर 6 मिलिमीटर प्लायचे त्रिकोणी तुकडे मागच्या बाजूने, फेविकॉल लावून, स्क्रूने बसवा. या तुकड्याच्या लाकडाची रेघ उभ्या पट्टीला समांतर असावी, म्हणजे ती सांध्याला आडवी जाते आणि सांधा धरून ठेवते. तुकडा कडेपासून पट्टीच्या जाडीइतका आत ठेवा, नाहीतर दोन फ्लॅट काटकोनात जोडताना तो आडवा येतो. मध्ये दोन आडव्या पट्ट्या आणि एकाच बाजूच्या वरच्या व खालच्या कोपऱ्यांत एकेक तिरकी पट्टी द्या. चार पट्ट्यांचा चौकोन नुसता ढकलला तरी तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. स्क्रू आवळण्यापूर्वी दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते समान आले तरच चौकट काटकोनात आहे.

कापडासाठी मांजरपाट उत्तम. तो आधी धुऊ नका. आणि चौकटीवर चढवताना ताणू नका, ही चूक बहुतेक नवे लोक करतात. तळहाताने मध्यभागी दाबल्यावर कापड थोडे खाली जाईल इतके सैल ठेवा, आधी प्रत्येक पट्टीच्या मध्यावर आणि मग कोपऱ्यांकडे पिना मारत जा. कडेचा पदर सरसाने किंवा फेविकॉलने फक्त बाहेरच्या चौकटीला चिकटवा. मधल्या आडव्या पट्ट्यांना कापड चिकटवले तर प्रकाशात त्या पट्ट्या बरगड्यांसारख्या दिसतात. त्यानंतर सरसाच्या पातळ पाण्याचा किंवा पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात द्या. कापड सुकताना आपोआप आकसते आणि ढोलकीच्या पुडीसारखे घट्ट होते. आधीच ताणलेले असेल तर हाच आकस चौकटीला धनुष्यासारखे वाकवतो.

आता तुमच्या थरथरणाऱ्या भिंतीविषयी. माझा अंदाज असा, की भिंत सरळ एका रेषेत होती, दार थेट फ्लॅटच्या चौकटीला बिजागरीने लावले होते आणि मागे टेकू अपुरे होते. कागदाची पट्टी सरळ उभी राहत नाही, पण तिला एक घडी घातली की राहते, आणि भिंतीचेही तसेच आहे. बारा-सोळा फुटांची सलग भिंत करण्याऐवजी तिला कुठेतरी फूट-दीड फुटाचा खाच-कोपरा द्या. वाड्यात कोनाडे, देवळ्या आणि खांब असतातच, त्यामुळे हा कोपरा उपरा वाटणार नाही. फ्लॅट एकमेकांना जोडायला सुटी खीळ असलेल्या बिजागऱ्या वापरा. खीळ ओढली की फ्लॅट सुटतो, मांडणीत हातोडी लागत नाही.

दाराची चौकट मात्र भिंतीपासून पूर्ण स्वतंत्र करा. ती जाड लाकडाची, स्वतःच्या दोन टेकूंवर उभी राहणारी असावी आणि तिच्या व फ्लॅटच्या मध्ये बोटभर फट ठेवून ती फट पुढून चौकटीच्या रुंद पट्टीने झाकावी. मग दार कितीही आपटले तरी धक्का चौकटीतून टेकूत आणि टेकूतून वजनात जातो, भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. दारासाठी फ्लॅटची खालची पट्टी कापावी लागते आणि तिचे दोन पाय फाकतात, म्हणून खालून एक लोखंडी पट्टी आडवी जोडायची असते. तुमच्या वाड्याला उंबरा आहे, तेव्हा ही पट्टी उंबऱ्याखाली सहज लपेल. उंबरा दीड-दोन इंचांपेक्षा उंच करू नका. अंधारात प्रवेश घेणाऱ्याला तो दिसत नाही.

टेकू भिंतीच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर जोडा, म्हणजे 10 फुटांच्या भिंतीला साडेसहा फुटांवर, आणि त्याचा पाय भिंतीपासून तीन फूट मागे न्या. जमिनीला खिळा मारता येत नाही म्हणून पायावर वाळूचे 20 किलोचे पोते ठेवा, दाराच्या टेकूंवर दोन-दोन. टेकूच्या पायाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळा, कारण मागून अंधारात धावणारी माणसे तुमचीच आहेत.

विंगेतला प्रकाश

करवतकाठी यांच्या उत्तरात भर घालतो. मी प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझे बोलणे प्रेक्षकांच्या खुर्चीतून सुरू होते.

आराखड्यावर पहिल्या रांगेतील अगदी डावी आणि अगदी उजवी खुर्ची दाखवा आणि त्या दोन बिंदूंपासून रंगमंचाच्या तोंडाच्या कडांना लागून आत जाणाऱ्या रेषा काढा. डावीकडच्या शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला रंगमंचाच्या डाव्या भागातला मागचा कोपरा दिसत नाही आणि उजवीकडच्या माणसाला उजवा. त्या कोपऱ्यात देवघर ठेवले तर देवासमोरचा अख्खा प्रवेश प्रेक्षकांच्या एका भागाला नुसता ऐकावा लागतो. याच कारणाने बाजूच्या भिंती काटकोनात न ठेवता पुढच्या बाजूला थोड्या उघडत्या ठेवतात. सभागृहाला बाल्कनी असेल तर तिथूनही अशीच उभी रेषा काढा, कारण ओसरीची कमान खाली आली तर वरच्या लोकांना मागे उभ्या असलेल्या नटाचे डोके दिसत नाही.

दाराविषयी एक जुना नियम आहे : बाजूच्या भिंतीतले दार सेटच्या बाहेरच्या दिशेला उघडावे आणि त्याची बिजागरी प्रेक्षकांपासून दूरच्या, म्हणजे मागच्या बाजूला असावी. त्यामुळे आत येणारा नट फळीमागे झाकला जात नाही आणि उघडलेली फळीच विंगेतला काही भाग झाकते. वाड्याची दारे दोन फळ्यांची आणि आत उघडणारी असतात, हे मला ठाऊक आहे. ते तसेच हवे असेल तर ते दार समोरच्या भिंतीत ठेवा, तिथे दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात. दार कुठेही असो, त्याच्या मागे आडोसा म्हणून आणखी एक फ्लॅट आणि छोटा दिवा हवाच. माजघरातून बाहेर पडणारी आजी एकदम काळोखात गेली की घराला पुढची खोली नाही हे कळते.

भिंतीचा रंग पांढराशुभ्र कधीही ठेवू नका, वाडा चुन्याचा असला तरी. पांढरी भिंत सर्वांत जास्त प्रकाश परतवते आणि तिच्यापुढे नटाचा चेहरा काळवंडतो. मातकट, थोडा करडा पांढरा घ्या, आणि तो कोरडा झाल्यावर त्याच्यावर दोन छटांचे, एक गडद आणि एक फिकट, बारीक शिंतोडे मारा. ब्रश मनगटावर आपटून रंग उडवण्याची सवय आधी जुन्या पुठ्ठ्यावर करा. एकाच रंगाची सपाट भिंत दिव्याखाली कापडच दिसते, शिंतोड्यांमुळे ती गिलाव्यासारखी वाटू लागते. भिंतीचा वरचा भाग हळूहळू गडद करत न्या, म्हणजे प्रेक्षकाची नजर आपोआप खाली, चेहऱ्यांवर येते. चकचकीत ऑइल पेंट नको. आणि रंग ठरवताना तो दिव्याखाली पाहा : दुकानात सुंदर दिसणारी निळी भिंत पिवळ्या-तांबड्या प्रकाशात राखाडी होते.

पन्हाळ्याच्या पडद्याविषयी. कोल्हापूरला हे सांगायला नको, कारण बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या शहरातलेच, आणि सिनेमाकडे वळण्याआधी ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्या काळी महाल, रस्ता, जंगल असे गुंडाळीचे पडदे बदलून स्थळ दाखवले जाई. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक तीन भिंतींच्या वास्तव खोलीत मांडले गेले आणि मराठी रंगभूमीवर रंगवलेल्या पडद्याची सद्दी ओसरू लागली. तुमच्या नाटकात दोन्ही गोष्टी एकत्र येत आहेत, म्हणून काळजी घ्यावी लागेल. रंगवलेल्या डोंगराजवळ खरा माणूस गेला की डोंगर लहान होतो, तेव्हा पडदा आणि ओसरीचा कठडा यांच्यामध्ये किमान चार फूट अंतर ठेवा आणि तिथे कुणालाही जाऊ देऊ नका. क्षितिज नटाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास घ्या. दूरचा डोंगर फिका, निळसर आणि कमी तपशिलाचा असतो, तेव्हा त्यावर झाडे मोजत बसू नका. पडद्यावरचा प्रकाश वेगळ्या दिव्यांचा आणि सगळीकडे सारखा असावा. नटांवरचा प्रकाश त्याच्यावर पडला तर त्यांच्या सावल्या पन्हाळ्यावर फिरतील.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनापासून आभार. दाराची चौकट वेगळी ठेवण्याची गोष्ट आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. आणखी दोन शंका आहेत. ओसरी माजघरापेक्षा दीड फूट उंच करायची आहे आणि पहिल्या अंकाच्या शेवटी तिच्यावर आठ जण टाळ घेऊन भजनात नाचतात. ही लेव्हल कशी बांधावी? तसेच नक्षीदार खांब आणि हस्त (खांबाच्या माथ्यावर तुळईला आधार देणारे कोरीव तुकडे) थर्माकोलमध्ये कोरून देणारा एक मुलगा आमच्याकडे आहे. ते चालेल ना?

भारगणित

मी स्थापत्य अभियंता आहे आणि महाविद्यालयात असताना बॅकस्टेज सांभाळलेले आहे, म्हणून लेव्हलच्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

माणूस उभा असतो तेव्हाचे वजन आणि तोच माणूस टाळाच्या ठेक्यावर उडी मारून खाली येतो तेव्हाचा भार यांत फार अंतर असते. आठ जण एकाच तालावर नाचतात तेव्हा ते सगळे भार एकाच क्षणी एकत्र येतात, आणि त्याशिवाय एक आडवा धक्काही असतो, ज्याचा विचार बहुतेक लोक करत नाहीत. लेव्हल सहसा मधून मोडून पडत नाही, ती बाजूला कलून बसते. म्हणून प्रत्येक दोन पायांच्या मध्ये तिरकी पट्टी हवी, लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्या दिशेनेही.

वरचा भाग 8 बाय 4 फुटांच्या 18 मिलिमीटर प्लायचा ठेवा. असा एक तक्ता तीस किलोंच्या पुढे भरतो, म्हणून चौकट आणि तक्ता वेगळे वाहून न्या. चौकटीत दर 2 फुटांवर एक आडवी पट्टी द्या, म्हणजे प्लाय पायाखाली लवत नाही. पाय चौकटीच्या बाजूला नुसते बोल्टने लटकवू नका. चौकट थेट पायाच्या माथ्यावर टेकली पाहिजे, म्हणजे भार लाकडातून सरळ जमिनीत उतरतो आणि बोल्टचे काम फक्त पाय जागेवर धरण्याचे राहते. खिळे वापरू नका, प्रत्येक उघडझापीत त्यांचे भोक सैल होत जाते. उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घेतली तर खर्च थोडा वाढेल, पण ती अनेक वर्षे टिकेल. मंडळ दरवर्षी नाटक करणार असेल तर माझे मत तिलाच. शेजारच्या दोन लेव्हल एकमेकींना बोल्टने किंवा शिकंज्याने जखडा. त्यांच्यामध्ये पडलेली अर्ध्या इंचाची फट अनवाणी पायाला पुरते.

दीड फूट चढायला मध्ये दोन पायऱ्या द्या, म्हणजे 6 इंचांचे तीन समान टप्पे होतील. टप्पे समान असणे हे त्यांच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या पायरीवर पाय जे माप शिकतो तेच तो पुढे गृहीत धरतो, आणि नट खाली बघून चालत नाही. पाय टेकण्याची जागा 11 इंच ठेवा. मागच्या बाजूला, जिथे ओसरी संपते, तिथे प्रेक्षकांना न दिसणारा कठडा किंवा निदान चमकती पट्टी हवी.

आवाजाचेही पाहा. पोकळ लेव्हलवर चालले की खोके वाजल्यासारखा आवाज येतो आणि वाड्याची दगडी ओसरी क्षणात खोटी ठरते. प्लाय आणि चौकट यांच्यामध्ये जुन्या सतरंजीच्या किंवा फेल्टच्या पट्ट्या घाला, पायांखाली रबर लावा आणि प्लायवर जाड कापड चिकटवून मगच रंगवा. मांडणी झाल्यावर नटांना चढवण्याआधी आपल्यातल्या चार वजनदार माणसांनी तिच्यावर उड्या मारून पाहाव्यात.

करवतकाठी

थर्माकोलविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्या मुलाचा हात चांगला असेल तर त्याच्याकडून नक्षी लाकडाच्या तुकड्यांत किंवा जाड प्लायच्या थरांत करून घ्या. दहा फुटांवरून नक्षीची खोली दिसते, बारकावे दिसत नाहीत, त्यामुळे तीन थर एकावर एक बसवून कडा घासल्या की हस्त उठून दिसतो. थर्माकोल पेट घेतो तेव्हा वितळून जळते थेंब खाली टाकतो आणि काळा गुदमरवणारा धूर सोडतो. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सर्वांनी पाहिले आहे. शाहू महाराजांच्या काळात 1915 साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, ज्या नटाचे नाव त्याला दिले त्याच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेले. ते पाहिलेल्या गावातल्या रंगकर्मींनी सेटवर काय जळू शकते हा प्रश्न प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारला पाहिजे, असे मला फार मनापासून वाटते.

मांजरपाटावर करण्यासारखा एक साधा उपाय आहे. 10 लिटर कोमट पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 500 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा आणि रंगाच्या आधी कापड दोन्ही बाजूंनी या पाण्याने चिंब भिजवून सुकू द्या. हातमोजे घाला. सुती कापड हे पाणी चांगले शोषते, पॉलिएस्टरवर त्याचा भरवसा धरू नका. सभागृहाबाहेर मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याची बादली ठेवून, त्याच कापडाचा सुकलेला तुकडा चिमट्यात धरा आणि 12 सेकंद मेणबत्तीची ज्योत लावा. ज्योत काढल्यावर तुकडा एक-दोन क्षणांत विझला पाहिजे. जळत राहिला तर पुन्हा भिजवा. पुढे हे कापड धुतले किंवा पावसात भिजले तर उपचार निघून जातो, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागेल. यामुळे कापड जळतच नाही असे समजू नका, आग पसरायला वेळ लागतो इतकेच. दिव्याचे तोंड कापडापासून किमान मीटरभर दूर ठेवा आणि दोन्ही विंगांत अग्निशामक सिलिंडर कुठे आहे हे प्रत्येक नटाला दाखवून ठेवा.

थोडे अवांतर. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्यगृह म्हणजे नटांनी सजण्याची, रंगभूषा-वेशभूषा करण्याची खोली, आणि मराठीत मात्र नेपथ्य हा शब्द सेटसाठी रूढ झाला. त्याच ग्रंथात रंगमंचावरच्या बनवलेल्या वस्तूंना ‘पुस्त’ म्हटले आहे आणि त्याचे प्रकार सांगितले आहेत : चटई, कापड, कातडे जोडून केलेला संधिम, यंत्राने हलणारा व्याजिम आणि गुंडाळून, वेढून केलेला वेष्टिम. तुमचा मांजरपाटाचा फ्लॅट हा सरळसरळ संधिम आहे.

राजारामपुरीकर

काल रात्री तालमीच्या हॉलमध्ये पट्ट्या लावून पूर्ण मापात आखणी केली. पहिल्याच तालमीत कळले, की पलंग जिथे ठेवला होता तिथून उठून दारापर्यंत जायला मुलीला सात पावले लागतात आणि तिचे वाक्य पाचव्या पावलावर संपते. दिग्दर्शकांनी दार समोरच्या भिंतीत, पलंगाच्या बाजूला दोन फूट आत घेतले. शिवाय पहिल्या रांगेतील शेवटच्या खुर्च्यांच्या रेषा काढल्यावर देवघर खरोखरच अर्धे झाकले जात होते, ते आता मध्यरेषेच्या जवळ आले आहे. रविवारी सकाळी टिंबर मार्केटला जात आहोत. 10 फुटांच्या आठ फ्लॅटना आणि दाराच्या चौकटीला मिळून किती फूट पट्टी लागेल याचा हिशेब मी असा केला आहे : प्रत्येक फ्लॅटला उभ्या दोन पट्ट्यांचे 20 फूट, आडव्या चार पट्ट्यांचे 16 फूट आणि दोन तिरक्यांचे साधारण 6 फूट, म्हणजे 42 फूट. आठ फ्लॅटचे 336 फूट होतात, त्यावर तुकड्यांच्या नुकसानीसाठी दहावा हिस्सा जादा. दाराच्या चौकटीचे जाड लाकूड वेगळे. यात काही सुटले असेल तर शनिवारपर्यंत कृपया कळवावे.

करवतकाठी

टेकू सुटले आहेत. साडेसहा फुटांवर जोडून तीन फूट मागे नेलेल्या टेकूची तिरकी पट्टी सव्वासात फुटांच्या आसपास येते, आणि तिच्या पायाला भिंतीशी जोडणारी खालची तीन फुटांची आडवी पट्टी लागते, म्हणजे एका टेकूला साडेदहा फूट धरा. आठ फ्लॅटना पाच आणि दाराला दोन असे सात टेकू केले तर आणखी 74 फूट. बाकी हिशेब बरोबर आहे.